जुनी नाणी शोधताना: डिटेक्टरपासून डबीपर्यंत

जमिनीत शेकडो वर्षं पडून राहिलेलं नाणं एव्हाना त्या मातीशी जुळवून घेऊन बसलेलं असतं. सुरुवातीला ते भराभर गंजतं. मग गंजाचाच एक थर त्याच्याभोवती धरतो, आजूबाजूची ओल आणि हवा फारशी बदलत नाही, आणि पुढची झीज अगदी मंदावते. आपण ते उकरून वर काढलं की ही घडी मोडते. अचानक मोकळी हवा लागते, ओला गंज वाळून तडकू लागतो, आणि त्यात आपण उत्सुकतेपोटी अंगठ्याने माती पुसून बघतो. माझं ठाम मत आहे की चांगल्या नाण्याचं सगळ्यात जास्त नुकसान सापडल्यानंतरच्या पहिल्या दिवसात होतं. म्हणून या लेखात धातू शोधणाऱ्या यंत्राइतकंच, म्हणजे डिटेक्टरइतकंच, खणण्याबद्दल, नोंदीबद्दल आणि साफसफाईबद्दल लिहिलं आहे.

आधी परवानगी

यंत्र हातात घेण्यापूर्वी दोन गोष्टी पक्क्या करा: जमीन कोणाची, आणि तिथला कायदा काय म्हणतो. कायदा देशागणिक फार बदलतो. इंग्लंड आणि वेल्समध्ये जमीनमालकाच्या परवानगीने डिटेक्टर चालवता येतो, पण १९९६ च्या कायद्याप्रमाणे ‘ट्रेझर’ ठरणारी वस्तू सापडली तर १४ दिवसांत कळवावं लागतं. फ्रान्समध्ये इतिहासाच्या दृष्टीने महत्त्वाच्या वस्तू शोधण्यासाठी डिटेक्टर वापरायचा तर आधी सरकारी परवाना लागतो. भारतात गुप्तधनाविषयीचा १८७८ चा कायदा अजून लागू आहे. जमिनीत दडलेली, दहा रुपयांहून जास्त मोलाची वस्तू सापडली तर जिल्हाधिकाऱ्यांना लेखी कळवणं सापडणाऱ्यावर बंधनकारक आहे. शिवाय १९७२ च्या कायद्यानुसार शंभर वर्षांहून जुनं नाणं पुरावस्तूत मोडतं आणि परवान्याशिवाय ते देशाबाहेर नेता येत नाही. संरक्षित स्मारकं आणि नोंदलेली पुरातत्त्वीय स्थळं तर कुठल्याही देशात वर्ज्यच समजा.

मालकाची परवानगी तोंडी घेऊन भागवू नका. कुठल्या तुकड्यात, कोणत्या महिन्यांत, सापडलेल्या वस्तूंचं काय करायचं, हे एका कागदावर लिहून दोघांनी सही करा. काही सापडेपर्यंत सगळे ‘बघू नंतर’ म्हणतात, आणि वाद सुरू होतो तो सापडल्यावर. त्याच वेळी मालकाला जमिनीखालच्या वीजतारा, पाइपलाइन आणि जुन्या विहिरींबद्दल विचारून घ्या. जिथे कधीकाळी लढाई किंवा लष्करी सराव झाला असेल तिथे न फुटलेले गोळे असू शकतात. अनोळखी, जड, निमुळती वस्तू दिसली तर हात न लावता मागे फिरा आणि पोलिसांना कळवा.

जागा निवडताना

नाणी का पडतात याचा विचार केला की जागा आपोआप सुचतात. माणूस जिथे पैसे काढतो, मोजतो, वाकतो, बसतो किंवा चढतो-उतरतो, तिथे ती निसटतात: जुना बाजारतळ, जत्रेचं पटांगण, नदीचा उतार, नावेचा धक्का, चढ संपतो तिथली विसाव्याची जागा, जुन्या मोठ्या झाडाची सावली, दोन वाटा मिळतात तो कोपरा. जुना नकाशा मिळवून तो आजच्या उपग्रहचित्रावर बसवून पाहा. नाहीशी झालेली वाट किंवा वस्ती अशी सापडते, आणि दिवसभर अंदाजाने फिरण्यापेक्षा या तासाभराचा उपयोग जास्त होतो.

शेतात जायचं तर नांगरट होऊन पाऊस पडून गेल्यावर आणि पेरणीच्या आधी. नांगराने माती उलटी झालेली असते, पावसाने ढेकळं विरून पृष्ठभाग सपाट झालेला असतो, आणि ओलाव्यामुळे बऱ्याच मातींत सिग्नल अधिक स्पष्ट येतो. नांगरल्या थरातल्या वस्तू मुळात आपल्या जागेवरून हललेल्या असतात, त्यामुळे तिथून नाणं काढल्याने पुरातत्त्वाचं नुकसान कमी होतं. त्या थराखालची अभंग माती हा वेगळा विषय आहे. त्याबद्दल पुढे सांगतो.

यंत्र काय ‘ऐकतं’

बहुतेक नाणेशोधक वापरतात ती यंत्रं व्हीएलएफ, म्हणजे अतिशय कमी फ्रिक्वेन्सीच्या, प्रकारची असतात. दांड्याच्या टोकाला असलेल्या चकतीतली, म्हणजे कॉइलमधली, एक तार काही हजार हर्ट्झची, म्हणजे साधारण ३ ते ३० किलोहर्ट्झची, चुंबकीय लहर जमिनीत सोडते. धातूच्या तुकड्यात त्यामुळे भोवऱ्यासारखे विद्युतप्रवाह तयार होतात, त्यांचं स्वतःचं क्षीण चुंबकीय क्षेत्र बनतं आणि कॉइलमधली दुसरी तार ते पकडते. सोडलेली लहर आणि परत आलेली लहर यांत किती मागेपुढे होतं यावरून यंत्र धातूचा अंदाज बांधतं आणि पडद्यावर एक आकडा दाखवतं.

कमी फ्रिक्वेन्सीला जाड तांबं आणि चांदी छान लागते. जास्त फ्रिक्वेन्सी बारीक, पातळ, कमी वाहक तुकडे पकडते: पातळ ठोकीव नाणी, छोटे सोन्याचे तुकडे. आजची बरीच यंत्रं एकाच वेळी अनेक फ्रिक्वेन्सी चालवतात, आणि नव्याने घेणाऱ्याला मी तसंच यंत्र सुचवेन. पल्स इंडक्शन नावाचा दुसरा प्रकार खारट वाळूत आणि लोहयुक्त जमिनीत खोलवर चालतो, पण लोखंड आणि इतर धातू यांतला फरक त्याला नीट सांगता येत नाही. खिळ्यांनी भरलेल्या जुन्या वस्तीत त्याचा उपयोग थोडा आणि खणणंच फार.

कॉइल निवडताना ‘मोठी म्हणजे खोल’ एवढंच डोक्यात ठेवू नका. मोठी कॉइल थोडी खोल जाते, पण एका वेळी चार तुकडे तिच्याखाली येतात आणि त्यांचे आवाज एकमेकांत मिसळतात. कचऱ्याच्या जागी १५ सेंटिमीटरची छोटी कॉइल जे नाणं वेगळं काढून दाखवते, ते मोठ्या कॉइलला दिसतही नाही. रचनेत डबल-डी, म्हणजे दोन ‘डी’ आकारांच्या तारांची, कॉइल मला जास्त भरवशाची वाटते, कारण तिचं क्षेत्र पात्यासारखं उभं उतरतं आणि खनिजयुक्त मातीचा गोंधळ तिला कमी होतो.

खोलीबद्दल एक हिशेब समजून घ्या. कॉइलच्या आकाराच्या मानाने अंतर वाढलं की छोट्या वस्तूचा प्रतिसाद अंतराच्या सहाव्या घाताने घटतो. अंतर दुप्पट झालं तर सिग्नल दुप्पट नव्हे, ६४ पट क्षीण होतो. म्हणूनच सेन्सिटिव्हिटी (यंत्राची संवेदनक्षमता) टोकाला नेऊन खोली फारशी वाढत नाही, वाढतो तो फक्त गोंगाट. आणि म्हणूनच कॉइल गवतावरून पाच सेंटिमीटर उंच फिरवली तर तेवढी खोली आपणच टाकून देतो. सुट्या नाण्यासाठी १५ ते २५ सेंटिमीटर ही साध्या मातीतली वास्तव अपेक्षा आहे.

सेटिंग आणि फिरवणं

शेतावर पोहोचल्यावर आधी धातू नसलेली थोडी जागा शोधा आणि तिथे ग्राउंड बॅलन्स करा. कॉइल जमिनीजवळून फूटभर वर आणि परत खाली, अशी सावकाश हलवायची. जमिनीतल्या खनिजांचा आवाज शांत झाला की यंत्राने ती माती समजून घेतली. माती बदलली, उतार आला, ओल वाढली की पुन्हा करा. मग सेन्सिटिव्हिटी वाढवत न्या, आणि यंत्र उगाच किरकिरायला लागलं की एक-दोन पायऱ्या खाली आणा.

लोखंड गाळणारं डिस्क्रिमिनेशन सुरुवातीला थोडंच ठेवा. सगळे खिळे गप्प केले की त्यांच्याजवळची नाणीही गप्प होतात. १८८१ मध्ये अमेरिकेचे राष्ट्राध्यक्ष गारफील्ड यांच्या शरीरातली गोळी शोधायला अलेक्झांडर ग्रॅहम बेल यांनी विद्युत यंत्र बनवलं, तेव्हा रुग्णाच्या गादीतल्या पोलादी तारांनी त्यांच्या निरीक्षणात घोळ घातला. शेतातल्या खिळ्यांचा त्रास अगदी याच जातीचा आहे.

कॉइल जमिनीला समांतर आणि जवळजवळ टेकलेली ठेवा. दोन्ही टोकांना हात वर उचलायची सवय सगळ्यांनाच असते, ती मुद्दाम मोडावी लागते. प्रत्येक फेरी आधीच्या फेरीवर निम्मी चढली पाहिजे, कारण कॉइलखालचं क्षेत्र खोल जाताना अरुंद होतं. घाई करू नका. सरळ पट्ट्यांत जा, आणि तोच तुकडा नंतर काटकोनात पुन्हा करा. खिळ्याआड लपलेलं नाणं एका दिशेने मुकं असतं आणि दुसरीने बोलतं.

आवाज ओळखणं

हेडफोन लावाच. खोल नाण्याचा आवाज बारीक आणि मऊ असतो, वाऱ्यात तो हरवतो. चांगला सिग्नल दोन्ही दिशांनी सारखा येतो, त्याला सुरुवात आणि शेवट असतो, आणि तुम्ही त्याच्याभोवती ९० अंशांत फिरलात तरी जागा सोडत नाही. एका बाजूने गोड आणि दुसऱ्या बाजूने खरखरीत असेल तर बहुधा वाकडा खिळा. मोठा, सपाट, गंजलेला पत्रा मात्र चांदीसारखा उंच आवाज देऊन फसवतो. कॉइल हळूहळू वर उचला. फूटभर वर नेऊनही आवाज टिकत असेल, तर खाली नाण्यापेक्षा मोठं काहीतरी आहे.

पडद्यावरच्या आकड्याला अंदाज समजा, निकाल समजू नका. पेयाच्या डब्याची अॅल्युमिनियमची कडी, चंदेरी कागद आणि छोटं सोनं यांचे आकडे एकमेकांवर चढतात. पातळ ठोकीव चांदी खालचा आकडा दाखवते, उभं पडलेलं नाणं आडव्यापेक्षा कमी बोलतं, आणि जवळचा खिळा आकडा खाली ओढतो. सोनं सोडायचं नसेल तर अॅल्युमिनियमही खणावं लागणार, याला दुसरा मार्ग नाही. आपल्या यंत्राची भाषा शिकायला निरनिराळ्या धातूंची चालू नाणी वेगवेगळ्या खोलीवर पुरून त्यांच्यावरून कॉइल फिरवा. हा सराव एका दुपारचा आहे आणि माहितीपुस्तिकेपेक्षा जास्त शिकवतो.

खणणं

यंत्रावरचं पिनपॉइंटचं, म्हणजे नेमकी जागा दाखवणारं, बटण दाबून आडवी आणि उभी अशा दोन रेघांनी जागा पक्की करा. हात लगेच खणायला जातो, तो आवरा. नाण्यावर पडणारे बहुतेक ताजे ओरखडे फावड्याचे असतात.

गवत असेल तर जागेच्या मध्यापासून वीतभर बाजूला राहून घोड्याच्या नालेच्या आकाराचा चिरा द्या आणि एक बाजू तशीच जोडलेली ठेवा. चिरा दहा सेंटिमीटर तरी खोल हवा, नाहीतर मुळं तुटून गवत पिवळं पडतं. ती चकती दाराच्या फळीसारखी मागे उलटा, सुटी माती कापडावर काढा. आता आधी चकतीच्या खालच्या बाजूवरून पिनपॉइंटर, म्हणजे हातात धरायची छोटी धातूशोधक कांडी, फिरवा, मग कापडावरच्या मातीवरून, शेवटी खड्ड्यात. हा क्रम पाळला तर नाणं चकतीत अडकलेलं असताना खड्डा खोल करत बसण्याची वेळ येत नाही. पिनपॉइंटर बोलला की लोखंडी हत्यार खाली ठेवा आणि बोटांनी किंवा लाकडी पट्टीने बाजूची माती सोडवा. जुन्या काचा आणि तारा असतात, म्हणून हातमोजे घाला आणि धनुर्वाताचं इंजेक्शन वेळच्या वेळी घेतलेलं असू द्या. दगड उलटताना विंचू-सापाचा विचार आधी करा.

नाणं निघालं तरी खड्ड्यात पुन्हा पिनपॉइंटर घाला, एकाशेजारी दुसरं असतं. मग माती परत टाका, चकती बसवा, पायाने दाबा. कचरा सापडला तर खिशात घाला आणि बरोबर घेऊन जा. मालक पुढच्या वेळी बोलावणार की नाही हे तुम्ही मागे काय ठेवून गेलात यावर ठरतं.

कुठे थांबायचं

एखादं सुटं नाणं निघालं, तिथेच दुसरं, तिसरं निघालं आणि खाली खापरीची कड लागली, तर खणणं त्या क्षणी थांबवा. माती परत झाका, जागेची खूण आणि फोटो घ्या, मालकाला आणि पुरातत्त्व खात्याला कळवा. हे का, याचं उत्तर २०१० मध्ये इंग्लंडमधल्या फ्रोम इथे मिळालं. डेव्ह क्रिस्प या हौशी शोधकाला शेतात रोमन नाणी लागली आणि खाली मडक्याची कड दिसली. त्यांनी हात थांबवला आणि तज्ज्ञांना बोलावलं. मडक्यात ५२,५०३ नाणी निघाली, एकूण वजन सुमारे १६० किलो. तज्ज्ञांनी ती थराथराने काढली, आणि सगळ्यात अलीकडची, करॉशियस राजाची नाणी वर न मिळता बरीचशी निम्म्याहून खाली मिळाली. कुणी वर्षानुवर्षं त्या मडक्यात बचत टाकत गेलं असतं तर ती वर असती. म्हणजे सगळा साठा बहुधा एकाच वेळी ओतला होता. एवढी नाणी पोत्यात भरून नेली असती तर प्रत्येक नाणं हाती आलं असतं, पण हे एक वाक्य कायमचं गेलं असतं.

याच्या उलट उदाहरण २०१५ चं. इंग्लंडच्याच हेरफर्डशरमध्ये दोघांनी व्हायकिंग काळातला साठा काढला आणि न कळवता विकायला सुरुवात केली. सुमारे तीनशे नाण्यांपैकी २०१९ च्या खटल्यापर्यंत जेमतेम तीसच हाती लागली होती. ती अशी की त्यांवरून वेसेक्सचा आल्फ्रेड आणि मर्सियाचा केओलवुल्फ या दोन राजांमधल्या समझोत्याबद्दल नव्याने विचार करावा लागला. हाती न आलेली काय सांगत होती ते कुणालाच कळणार नाही. दोघांना २०१९ मध्ये तुरुंगवास झाला.

नांगराच्या थराखालून, म्हणजे साधारण वीतभर खोलीनंतर अचानक रंग बदललेल्या, घट्ट, अभंग मातीतून सिग्नल येत असेल तर तिथेही हाच नियम लावा. ते नाणं तिथे कुणीतरी ठेवलेलं किंवा त्या काळच्या जमिनीवर पडलेलं असू शकतं, आणि त्याचं वय सांगणारी बाकीची माती त्याच्याभोवतीच असते.

जागेवरच करायच्या गोष्टी

नाणं चोळू नका. वाळूतला गारगोटीचा कण काठिण्याच्या १ ते १० च्या मापात ७ अंकाचा, आणि चांदी, सोनं, तांबं तिन्ही अडीच-तीनच्या घरातली. अंगठ्याखाली एक कण असला तरी राजाच्या गालावर कायमची रेघ उठते. माती लागलेलं नाणं तसंच मऊ कागदात किंवा थोड्या त्याच मातीत ठेवून छोट्या डबीत घाला. खिशात दोन नाणी एकत्र खुळखुळू देऊ नका.

डबीवर क्रमांक टाका. वहीत तोच क्रमांक, तारीख, जीपीएसचे अक्षांश-रेखांश, खोली, मातीचा रंग आणि जवळ काय होतं ते लिहा. सिग्नलचा आकडाही लिहा, पुढे तुमच्याच यंत्राचा अभ्यास त्यातून होतो. काही महिन्यांनी हे बिंदू नकाशावर मांडले की नाहीशी झालेली वाट किंवा बाजाराची हद्द उमटताना दिसते, आणि हे सुख मला तरी नाण्यापेक्षा मोठं वाटतं.

घरी आल्यावर साफ करण्याआधी दोन्ही बाजूंचे फोटो तिरप्या उजेडात घ्या. शतांश ग्रॅमपर्यंत वजन करणारा छोटा काटा आणि व्यास मोजायला व्हर्नियर लागतो. भिंगातून गंज नीट बघा. तांब्याच्या क्षारांमुळे पिशवीच्या कापडाची वीण किंवा चामड्याचा ठसा कधीकधी नाण्यावर टिकलेला असतो. तो दिसला तर पुढे जाऊच नका, तो नाण्याइतकाच मोलाचा आहे.

साफसफाई: धातू बघून

पहिला प्रश्न ‘कसं साफ करू’ हा नसावा. ‘काय वाचायचं राहिलंय’ हा असावा. राजा, लेख, टांकसाळीची खूण ओळखू येत असेल तर काम संपलं.

सोनं सगळ्यात सोपं. ते गंजत नाही, माती फक्त वर चिकटलेली असते. डिस्टिल्ड पाण्यात ठेवा, माती सुटू द्या, वाहत्या पाण्याखाली धरून मऊ कापडाने टिपा. कापड चोळायचं नाही, टेकवायचं.

चांदी डिस्टिल्ड पाण्यात एक-दोन दिवस ठेवून पाणी बदलत राहावं. नळाच्या पाण्यात क्लोरीन असतं आणि क्लोराइडच तर चांदीवर करडा, मेणासारखा मऊ थर धरतं. माती सैल झाली की मऊ ब्रशने हलकेच काढा. दिसणारा काळसर पदर सल्फाइडचा आहे, तो राहू द्या. उठावदार भाग उजळ आणि खोलगट भाग काळे, यामुळेच लेख वाचता येतो. अॅल्युमिनियमचा कागद आणि खाण्याचा सोडा वापरून चांदी चमकवायची युक्ती दागिन्यांसाठी ठीक, जमिनीतल्या नाण्यासाठी मी ती कधीच सुचवणार नाही. फार जुनी, मिश्र चांदी आतून ठिसूळ झालेली असते. वाकलेलं नाणं सरळ करायला गेलात तर ते बिस्किटासारखं तुटतं.

तांबं आणि कांसं यांत खरी परीक्षा आहे. इथे एक गोष्ट नीट समजली पाहिजे: जुन्या तांब्याच्या नाण्यात मूळ पृष्ठभाग बऱ्याचदा धातूत उरलेलाच नसतो. धातू गंजून बाहेर सरकतो, आणि अक्षरं, चेहरा, कडेची ठिपक्यांची माळ हे सगळं गंजाच्याच एका गुळगुळीत थरात जपलेलं असतं. लिंबू, व्हिनेगर, चिंच किंवा बॅटरीला जोडलेलं विद्युत्-अपघटन गंज विरघळवतं, म्हणजे नेमका तो थरच विरघळवतं. हातात उरते खड्ड्याखड्ड्यांची गुलाबी चकती, तिच्यावर काहीच लिहिलेलं नाही. तेलात महिनोन्‌महिने बुडवून ठेवायची पद्धत लोकप्रिय आहे. तेलातली आम्लं हेच काम सावकाश करतात, शिवाय तेल छिद्रांत मुरतं ते निघत नाही.

त्याऐवजी कोरड्या हाताचं काम करा. दहापट मोठं दाखवणारं स्टिरिओ सूक्ष्मदर्शक किंवा निदान टेबलावर उभं राहणारं भिंग, बाजूने येणारा दिवा, फोमची गादी, आणि हत्यार म्हणून बांबूची टोकदार काडी किंवा साळिंदराचा काटा. नाण्याच्या एकाच कोपऱ्यावर अल्कोहोलचा थेंब टाका. माती मऊ होते, अल्कोहोल लवकर उडतं आणि ओल मागे राहत नाही. काडी तिरपी धरून, अक्षराच्या उंचवट्यावरून खोलगट भागाकडे मातीचा कण ढकलायचा, खरवडायचं नाही. डोळा रंगावर ठेवा. आधी तपकिरी, खडबडीत माती. मग तिच्याखाली हिरवा किंवा काळपट, गुळगुळीत, किंचित चकाकणारा थर येतो. तोच पृष्ठभाग, तिथेच थांबा. लालसर विटकरी रंग दिसला तर बहुतेक वेळा आपण पृष्ठभाग ओलांडून खालच्या क्युप्राइटमध्ये, म्हणजे तांब्याच्या लाल ऑक्साइडमध्ये, गेलो, आणि पिवळा-गुलाबी धातू चमकला तर तो कोपरा गेलाच. एका बैठकीत नखाएवढी जागा झाली तरी पुष्कळ.

रोमन काळातल्या काही हलक्या नाण्यांवर चांदीचा मुलामा असतो, तो इतका पातळ की जोरात ब्रश फिरवला तरी निघतो. काळ्या मातीआड एखादा चंदेरी ठिपका दिसला की हात आणखी हलका करा.

शिशाचं नाणं पाण्यात घालू नका, कोरड्या मऊ ब्रशने माती काढा. त्यावरची पांढरी पूड विषारी असते, म्हणून हातमोजे आणि मास्क. चिकट मळ किंवा जुन्या प्लॅस्टिकचा हिरवा चिकटा काढायला शुद्ध अॅसिटोन चालतो, धातूला तो अपाय करत नाही. पण तो काचेच्या भांड्यात, खिडकी उघडी ठेवून आणि ज्योतीपासून लांब वापरायचा.

हिरवी पूड दिसली तर

तांब्याच्या नाण्यावरचा घट्ट, गडद हिरवा थर निरोगी. फिकट, पोपटी, पिठासारखी पूड ठिपक्याठिपक्यांनी वर येत असेल आणि टाचणी लावताच झडत असेल, तर ते दुखणं आहे. याला ब्राँझ डिसीज म्हणतात. मातीतलं क्लोराइड नाण्याच्या आत क्युप्रस क्लोराइड बनून बसलेलं असतं. ओल आणि प्राणवायू मिळाले की त्यातून हिरवी पूड आणि हायड्रोक्लोरिक आम्ल तयार होतं, ते आम्ल नवं तांबं खातं, पुन्हा क्लोराइड बनतं. ओल मिळत राहिली तर हे चक्र आपणहून थांबत नाही.

असं नाणं लगेच इतरांपासून वेगळं ठेवा. कोरडी पूड काडीने काढा, नाणं अॅसिटोनमध्ये बुडवून वाळवा आणि ओल शोषणारं सिलिका जेल घातलेल्या घट्ट झाकणाच्या डबीत बंद करा. सापेक्ष आर्द्रता ४० टक्क्यांखाली राहिली की प्रक्रिया थबकते. संग्रहालयांत यासाठी सोडियम सेस्क्विकार्बोनेटचे दीर्घ स्नान किंवा बेंझोट्रायझोल नावाचं गंजरोधक रसायन वापरतात. पहिल्याने पृष्ठभागाचा रंग बदलू शकतो, दुसरं आरोग्याला घातक आहे. नाणं दुर्मीळ असेल तर हे काम प्रशिक्षित संवर्धकाकडे सोपवा.

ठेवायचं कसं

साफ झालेलं नाणं अल्कोहोलमध्ये बुडवून काढा, म्हणजे छिद्रांतलं पाणी निघून येतं. मग दिव्याच्या उबेत एक दिवस वाळू द्या. तांब्याला हवं असेल तर त्यानंतर मायक्रोक्रिस्टलाइन मेणाचा अगदी पातळ हात द्या. ते पुढे काढता येतं. ओल राहिलेल्या नाण्यावर मेण लावलं तर आतलं दुखणं झाकलं जातं आणि आतल्या आत वाढतं, तेव्हा घाई नको.

पीव्हीसीच्या मऊ पाकिटांत नाणी ठेवू नका. कालांतराने त्यांतून आम्ल सुटतं आणि नाण्यावर हिरवा चिकटा येतो. मायलारचे कप्पे किंवा आम्लरहित कागदाची पाकिटं घ्या. ओकसारख्या लाकडाच्या खणांतून आम्लाची वाफ येते, शिशाची नाणी त्यात पांढरी पडतात. प्रत्येक पाकिटावर वहीतला तोच क्रमांक पेन्सिलने लिहा, आणि नाणं नेहमी कडेने धरा.

सिलिका जेलचा रंग बदलला की ते ओव्हनमध्ये तापवून कोरडं करून पुन्हा वापरता येतं. दमट हवेच्या महिन्यांत दर पंधरा दिवसांनी तांब्याची पाकिटं भिंगाखाली घ्या, सुरुवात ज्यांवर आधी पूड दिसली होती त्यांच्यापासून करा. नवा पोपटी ठिपका आढळला तर तारीख टाकून फोटो काढा आणि ते नाणं पुन्हा कोरड्या डबीत हलवा.